मानेवरची जागा

आधी वास आला. केस करपल्यावर येतो तसाच, पण जरा जड. मृणालीने केस सरळ करायचा विजेचा ब्रश बाजूला घेतला, बटण बंद केलं आणि दात्यांत अडकलेली बट जळली की काय ते पाहिलं. बट शाबूत होती. सव्वासातची रोह्याची गाडी गाठायची होती आणि मानेवरचा सगळ्यात खालचा थर अजून निम्मा बाकी होता. तो नेहमी शेवटीच राही. पुढचे केस आरशात दिसतात, कानामागचे मान वाकडी केली की दिसतात; मानेवरचे मात्र अंदाजानेच करावे लागतात. क्लिप काढायची, दोन बोटं रुंद बट उचलायची, ब्रश खालून मुळाशी लावायचा, वर ओढत न्यायचा, टोकाला आत वळवून मनात पाच आकडे म्हणायचे. दोन्ही हात डोक्यामागे धरून दंड भरून येत. तिने बटण पुन्हा सगळ्यात वरच्या खुणेवर लावलं, कारण त्याखालची ऊब तिच्या केसांच्या खिजगणतीतही नसे, आणि उरलेलं काम उरकलं. वास थोडा वेळ खोलीत राहिला. मग लेकीच्या, नमिताच्या डब्यातल्या भाजीच्या फोडणीत तो मिसळून गेला.

केस आईचे, हौसाचे. दाट, राठ, आणि हवा जरा दमट झाली की फुगणारे. आणि पेणमध्ये हवा कधी दमट नसते? हौसा ते खोबरेल तेलाने चापून डोक्यामागे गच्च बांधी आणि वर पदर घेऊन मिठागरावर जाई. दिवसभर खाऱ्या वाऱ्यात काम करून आली तरी अंबाडा सुटलेला नसे. मृणालीला शाळेत झिपरी म्हणत. ती अकरावीला असताना पेणला खोली घेऊन राहिली तेव्हापासून तिने तेल सोडलं, आणि मग केस चहूबाजूंनी मोकाट झाले. धनेशच्या घरचे पाहायला आले तेव्हा त्याची आत्या तिच्या पाठीमागून जाताना म्हणाली होती, केस आहेत की काथ्या. ती हळूच म्हणाली होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं होतं. धनेश तेव्हा चहाच्या कपात बघत राहिला होता. लग्न झालं, नमिता झाली, धनेश नागोठण्याच्या कंपनीत कायम झाला, आणि तीन वर्षांपूर्वी मृणालीला रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर नोकरी लागली. तिथल्या मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की येणारा माणूस आधी तुम्हाला बघतो, तेव्हा जरा नीटनेटकं. तो केस म्हणाला नव्हता. तिने त्याच शनिवारी हा ब्रश मागवला. आता रोज सकाळी चाळीस मिनिटं त्याची होती. निडी स्टेशन गेलं की कपाळावरचे केस पुन्हा वळायला लागत, ते ती ऑफिसच्या बाथरूममध्ये ओल्या बोटांनी बसवी.

त्या दिवशी शीराने पाहिलं. शीरा शेजारच्या टेबलावर बसायची, रोह्याचीच, तिथल्या जुन्या ज्यू घरातली. तिचे सगळे काका-मामा कधीच इस्रायलला गेले होते, ही आणि तिची आई तेवढ्या मागे राहिल्या होत्या. दुपारी उकडतंय म्हणून मृणालीने केस वर धरले, तेव्हा शीरा जेवता जेवता थांबली. मानेला काय झालं, तिने विचारलं. मृणाली म्हणाली, काय झालं?

"अगं, फोड आलाय केवढा. भाजलंय. दुखत नाय तुला?"

"नाय," मृणाली म्हणाली, आणि मग उगाच म्हणाली, "थोडं दुखतंय."

शीराने ड्रॉवरमधून भाजल्यावरचं मलम काढलं आणि बोटाने लावलं. मृणाली वाट बघत उभी राहिली. शीरा म्हणाली, झालं. तेव्हा तिला कळलं की लावून झालं.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. बाहेर नागोठण्याच्या कारखान्यांच्या चिमण्या गेल्या, भाताच्या कापलेल्या शेतांचे तुकडे गेले. तिच्या मनात विशेष काही नव्हतं. घरी कोणी नव्हतं, धनेश सेकंड शिफ्टला, नमिता क्लासला. तिने केसांना क्लिप लावली, हात मागे नेऊन मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. फोड मधोमध होता. त्याच्या भोवती अडीच बोटांएवढी कातडी बाकीच्या मानेपेक्षा फिकट होती, उन्हात विटलेल्या कापडासारखी, आणि तिला काठ होता. तिने ब्रश लावला, पाचएक मिनिटं तापू दिला, आणि मानेच्या डाव्या बाजूला टेकवला. ती चटकन मागे सरली, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने तो बंद केला, गार होऊ दिला, आणि साडीची टाचणी घेऊन त्या फिकट जागेवर टोक टेकवलं. टेकवलं हे बोटांना कळत होतं. मानेला कळत नव्हतं. तिने किती दाबलं ते तिला नंतर टाचणीच्या टोकावरच्या रक्तावरून कळलं.

हे कधीपासून, याचा ती विचार करायला लागली आणि तिला काही आठवेना. जे लागतच नाही ते कधीपासून लागत नाही हे कसं आठवणार. ड्रेसच्या गळ्याचं लेबल टोचतं म्हणून ती पूर्वी कापून टाकी. गेल्या दोन वर्षांतले ड्रेस तिने काढून पाहिले, सगळ्यांना लेबलं तशीच होती. नमिता मागून येऊन गळ्यात पडायची, हनुवटी मानेवर ठेवायची. ते तिला केसांवरचं वजन म्हणून आठवत होतं.

आणि मग आजा आठवला. तिच्या बापाचा बाप, जनू. खाडीकडच्या गावात त्यांच्या घराच्या मागे, बांधाच्या अलीकडे त्याची झोपडी होती. मृणाली आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत तो होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं अर्धी होती, उजव्याची वळलेली. तो घरात येत नसे. त्याची ॲल्युमिनियमची थाळी निराळी, तांब्या निराळा, आणि दोन्ही वेळचं जेवण मृणालीने नेऊन दगडावर ठेवायचं, हातात द्यायचं नाही, अशी हौसाची ताकीद होती. आजा फार बोलत नसे, पण पोरं जमली की एक खेळ करून दाखवी. चुलीतला लाल निखारा चिमट्याशिवाय उचलायचा, तळहातावर घ्यायचा, त्याच्यावर विडी पेटवायची, दोन झुरके मारायचे, आणि मग सावकाश निखारा परत चुलीत टाकायचा. पोरं टाळ्या वाजवत. पुन्हा कर म्हणत. तो पुन्हा करी. मृणालीला त्याचा फार अभिमान वाटे. शाळेत ती सांगे, माझ्या आज्याला विस्तव लागत नाय. आता पेणच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पलंगाच्या काठावर बसल्यावर तिला तो वास आठवला, निखारा हातावर असतानाचा. ती उठली आणि तिने दिव्याचं बटण लावलं.

त्यानंतर सव्वा महिना तिने कोणाला काही सांगितलं नाही. या काळातलं तिला पुढे फार थोडं आठवलं, सारखे सारखे दिवस. ती सकाळी पावणेसहाला उठे आणि ब्रश घेऊन बसे. पूर्वी एखाद दिवशी कंटाळा आला तर ती केस वर बांधून जाई. आता बांधून चालणार नव्हतं. केस सरळ, जड, एकसारखे मानेवर पडलेले हवे होते, वाऱ्याने उडले तरी परत त्याच जागी येणारे. ती चार ऐवजी सात थर करायला लागली. आधी केस टॉवेलने टिपून घ्यायचे, अर्धे वाळू द्यायचे, दोन थेंब सीरम हातावर चोळून टोकांना लावायचं, मग क्लिपा. मानेवर आता ती घडी केलेला रुमाल ठेवी. फोड बसला, तिथे गुलाबी कातडी आली. ऑफिसात सगळे म्हणाले, केस किती छान दिसतात हल्ली, काय केलंस. मॅनेजरही एकदा बघून हसला. ती सगळ्यांना ब्रशचं नाव सांगे. गूगलवर तिने एकदा दोन शब्द टाकून पाहिले, पहिलं चित्र आलं आणि तिने मोबाइल पालथा ठेवला.

घरात तिने स्वतःचा टॉवेल बाल्कनीच्या दुसऱ्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली. कंगवा वेगळा केला. कडेला पोचा पडलेली एक स्टीलची ताटली होती, ती जेवायला घेऊ लागली आणि जेवण झालं की स्वतः घासून ओट्याच्या कोपऱ्यात उभी करू लागली. तिला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं. ठरवून केलं असंही नव्हतं. हात आपोआप करत होते, जसे त्यांना पूर्वीपासून येत होतं.

नमिता अकरा वर्षांची. तिचे केसही तसेच, हौसाचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता आणि तिला केस मोकळे, आईसारखे हवे होते. ब्रशने करून दे, ती महिनाभर म्हणत होती. मृणाली म्हणाली ब्रश बिघडलाय. नमिता म्हणाली, सकाळी आवाज येतो. मृणाली म्हणाली पार्लरमध्ये जाऊन ये. नमिताने ब्रशचा विषय सोडला. ती शहाणी मुलगी होती, न सांगितलेलं तिला जास्त कळे.

एका गुरुवारी संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या होत्या. मृणालीच्या ताटलीत सुक्या बोंबलाचा एक तुकडा राहिला होता. नमिताने नेहमीसारखा, न बघता, टीव्हीकडे डोळे ठेवून हात पुढे केला आणि तो उचलला. मृणालीने तिच्या हातावर फटका मारला. जोरात बसला. तुकडा जमिनीवर पडला. नमिता रडली नाही. तिने हात मांडीवर ठेवला आणि आईकडे पाहिलं, फार वेळ, आणि मग विचारलं, "मी काय केलं?"

मृणालीला त्या क्षणी दुसराच फटका आठवत होता. जागा तीच, मनगटाच्या वरची. आज्याने थाळीतला बोंबील तिच्यापुढे धरला होता, अर्ध्या बोटांत, घे म्हणून, आणि तिने घ्यायला हात केला होता, आणि हौसा कुठून आली कळलं नाही. तो फटका तिला नव्हता, आज्याच्या हाताला जाता जाता तिला लागला होता. त्यानंतर आज्याने कधी काही पुढे केलं नाही. मृणाली खाली वाकली, जमिनीवरचा तुकडा उचलला, आणि नमिताला म्हणाली की तू काय नाय केलं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि पेणच्या सरकारी दवाखान्यात गेली. केस तिने त्या दिवशी केले नव्हते. ते फुगले होते तसेच क्लिपेत कोंबले. डॉक्टर तरुण बाई होत्या, दुपारच्या जेवणाआधीच्या घाईत. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं, कापूस फिरवला, कोपरामागची शीर चाचपली, हातापायांची बोटं उघडमीट करायला लावली. मग बसा म्हणाल्या. कुष्ठ आहे, एकच चट्टा, अगदी सुरुवात, सहा महिने गोळ्या. नसा चांगल्या आहेत. पहिल्या गोळ्या आत्ता माझ्यासमोर घ्यायच्या, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, ती गोळीचा रंग आहे. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. मृणाली गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होती. तिला वाटलं होतं की ऐकल्यावर काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. तिने विचारलं, त्या जागेवर परत कळायला लागेल का? डॉक्टर म्हणाल्या लागेल किंवा नाही लागणार, आत्ता सांगता येत नाही, पण पुढे वाढणार नाही. मग तिने ताटाचं विचारलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ताट, टॉवेल, कंगवा, काहीही वेगळं करायचं नाही, त्या म्हणाल्या, मुलीला जवळ घ्या. फक्त घरातल्यांना तपासून घेऊ आणि एक एक डोस देऊ. म्हणजे घरात सांगावं लागेल.

धनेश फर्स्ट शिफ्ट करून चार वाजता आला. तिने त्याला चहा दिला आणि सांगितलं. तो कपात बघत राहिला. मग दाखव म्हणाला. तिने केस वर धरले. तो उठून मागे आला, उभा राहिला, तिला त्याचा श्वास कळला, बोट त्याने लावलं नाही. गावाला कुणाला सांगू नको, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो नमिताला घेऊन दवाखान्यात जाऊन आला, दोघांना काही नव्हतं, दोघांनी डोस घेतला. त्या रात्रीपासून तो उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला लागला, पहाटेचा गजर आहे म्हणून. नमिताला तिने स्वतः सांगितलं, आज्याचं सुद्धा. नमिताने एकच विचारलं, मग बोंबील खाल्ला असता तर चाललं असतं? मृणाली म्हणाली, चाललं असतं.

गॅदरिंगच्या दुपारी तिने नमिताला आरशासमोर बसवलं. खांद्यांवर जाड टॉवेल, सात थर, बटण सगळ्यात खालच्या खुणेवर. त्याने केस सरळ होत नव्हते, अर्धे वळलेलेच राहत होते, पण तिने वर नेलं नाही. प्रत्येक बटेला ती विचारत होती, भाजतंय का. नमिता शेवटी कंटाळली. "आई, भाजलं तर मी सांगीन ना. मला कळतंय." मृणाली हो म्हणाली आणि तरी पुढच्या बटेला विचारलंच.

मग रविवारी ती हौसाकडे गेली. हौसा एकटी राहायची. मिठागरं बहुतेक गेली होती, खाडीलगतच्या खाजणात पाणी नुसतं पडून असे, पण ती बांधावरचं घर सोडत नव्हती. मृणाली गेली तेव्हा ती ओट्यावर बसून हंड्यातल्या पाण्यात कोलंबी धुवत होती. मृणालीने ओट्याच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं, ऑफिसात एखाद्याला रस्ता सांगते तशा आवाजात. आणि म्हणाली, तुलाही तपासून घ्यायला हवं, नर्स येईल बुधवारी.

हौसाचे हात पाण्यात थांबले. समोरून शेजारची कोणीतरी गेली, तिने काय गो मृणाली कधी आलीस म्हणून विचारलं, मृणालीने उत्तर दिलं. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर हौसा म्हणाली, "तुझ्या आज्यालापण गोळ्या आलेल्या."

मृणालीला वाटलं तिने चुकीचं ऐकलं.

"सायकलवाला डॉक्टर यायचा. पाकिटं देऊन गेला. आज्याने एक दिस घेतली, नि बांधावर लघवीला बसला तवा लाल झालेली दिसली बायांना. गावात बोलायला लागले, रोग वाढला म्हणून. तू आठ वरसांची. मी म्हटलं आता हिच्याशी लगीन कोण करील." हौसाने हंड्याकडे बघतच सांगितलं. "पाकिटं मी खाजणात टाकली. त्याला म्हटलं सायकलवाला आता येत नाय. नि सायकलवाल्याला म्हटलं म्हातारा लेकीकडे गेला."

"आज्याला माहीत होतं?"

"व्हय. त्यानं बघितलं मला टाकताना. काय बोलला नाय."

मृणालीने स्वतःच्या आत शोधून पाहिलं. राग असायला हवा होता, निदान रडू. आठ वर्षांची आपण आणि ते पाण्यात बुडणारं पाकीट, दोन्ही तिला स्पष्ट दिसत होतं, पण काचेपलीकडचं. तिला फक्त एवढं कळलं की आजा ज्या दिवशी निखारा घेऊन पोरांना हसवत होता त्या दिवशी त्याला हे ठाऊक होतं, आणि तरी तो दुपारी तिची वाट बघत दगडापाशी बसायचा.

"रागावलीस?" हौसाने विचारलं.

"कळत नाय," मृणाली म्हणाली.

हौसा उठली. गुडघे धरून ती ओट्याच्या काठाशी आली आणि मृणालीच्या मागे बसली. मृणाली म्हणाली नको, पण हौसाने क्लिप काढली होती. केस फुगून दोन्ही खांद्यांवर आले. हौसाने ते दोन्ही हातांनी गोळा केले, वर उचलले, एका मुठीत धरले. ती किती तरी वेळ नुसती बघत असावी. मग विचारलं, "हात लावलाय. कळला?"

"नाय."

"आता?"

"नाय."

खाडीकडून वारा येत होता. मृणाली समोरच्या बांधाकडे बघत होती. तिला मागचं काही कळत नव्हतं, फक्त मुठीतल्या केसांचा ताण, आणि हौसाचा श्वास, म्हातारा, थोडा घरघरणारा. बोट सरकत असणार. किती सावकाश ते तिला माहीत नव्हतं. आता, हौसाने विचारलं. तिने मान हलवली. आता. पुन्हा नाही. आणि मग मानेच्या कडेला, कानाखालच्या हाडाजवळ, एक ओला थेंबाएवढा स्पर्श झाला.

"हां," मृणाली म्हणाली. "इथं."

हौसाने बोट उचललं नाही. "कसा लागतो? गरम का गार?"

मृणालीने डोळे मिटले. आईचा हात आत्तापर्यंत हंड्यात होता.

"गार," ती म्हणाली. "गार लागतोय गो."